तलवार कुणी घडवली

लोहाराच्या मुलीला त्या अख्ख्या कादंबरीमालिकेत जेमतेम तीन पानं मिळाली होती. नायक जखमी अवस्थेत गावात येतो, लोहाराच्या घरी मुक्काम करतो आणि सकाळी निघताना ही मुलगी त्याच्या हातात तलवार ठेवते. "वडिलांनी रात्रभर जागून केली," एवढंच ती म्हणते. मग दारात उभी राहून त्याला जाताना बघते. पुढच्या खंडात नायकाला एकदा तिचे केस आठवतात, आणि संपलं. त्या तलवारीने मात्र पुढे राजे मरतात, किल्ले पडतात, तिच्यावर गाणी रचली जातात. तलवारीला नाव आहे आणि मुलीला नाही, हे पहिल्यांदा वाचताना मला खटकलंसुद्धा नाही.

मी तेव्हा जर्मनीत, आखनमध्ये पोलादावर पीएच.डी. करत होते. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. पुण्याहून मेटलर्जी करून आलेली, आणि ग्रुपमध्ये मुलगी अशी मी एकटीच. कामाची भाषा इंग्रजी असेल असं येण्याआधी सांगितलं होतं, आणि मीटिंगपुरती ती असायचीही. पण मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, ताटं घेऊन बसलं की सगळे जर्मनवर उतरायचे. ते हसले की मीही हसायचे, आणि उरलेला वेळ उकडलेले बटाटे खात बसायचे.

माझ्या समोरच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. आयफेलच्या डोंगरातल्या खेड्यातला, उंच, कमी बोलणारा. माझी अवस्था त्याच्या लक्षात आली असावी, कारण एक दिवस त्याने विटेएवढं जाड पुस्तक माझ्या कीबोर्डवर आणून ठेवलं.

"हे वाच. लोक सारखी मारामारी करतात, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी काय चाललंय ते कळतं."

ड्रॅगन, तह, घोडदळ, जादूगार. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत गेले. पहिला खंड संपायला हिवाळा गेला, दुसरा खूप लवकर संपला, आणि तिसऱ्यापर्यंत मी मेन्झामध्ये तोंड उघडायला लागले होते. घोड्याच्या खोगिराचे सगळे भाग मला जर्मनमध्ये सांगता येत होते. बँकेत खातं कसं बंद करायचं ते अजून येत नव्हतं.

मग भाषा जरा हाताशी आल्यावर मी पहिला खंड पुन्हा वाचला, या वेळी काहीही न गाळता. चौथ्या प्रकरणात लुटारू गावात येतात. लोहार त्यांना हत्यारं द्यायला नकार देतो, तेव्हा ते त्याचा उजवा हात गाडीच्या चाकाखाली चिरडतात. गावची वैदीण हात बघून म्हणते, हा आता पुन्हा हातोडा धरणार नाही. हे सगळं घडतं नायक गावात येण्याच्या थोडंच आधी. मी पुस्तक उघडंच घेऊन सहकाऱ्यापुढे गेले.

"याचा हात गेलेला आहे. मग तलवार कुणी केली?"

त्याने दोन्ही पानं नीट वाचली. "आल्झो, म्हणजे लेखक विसरला."

"पण तलवार तर आहे."

"म्हणजे चूक आहे. एवढ्या जाड पुस्तकात होते एखादी."

"घरात दोनच माणसं आहेत. एक लोहार आणि एक मुलगी."

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे बरोबर, म्हणूनच चूक आहे. त्याच्या लेखी प्रश्न तिथे मिटला. तो काही वाईट माणूस नव्हता. मुलगीच ऐरणीपाशी उभी राहिली असेल ही शक्यता त्याच्या मनाला शिवलीच नाही, इतकंच. आणि खरं सांगायचं तर चार महिन्यांपूर्वी ती माझ्याही मनाला शिवली नव्हती. मीच, पोलाद तापवून थंड करणं हेच जिचं काम, लोहाराच्या मुलीला दारात उभी करून पुढे गेले होते. मला राग आला तो माझ्या त्या चुकीचा.

त्या शनिवारी मी आमच्या सामायिक घराच्या स्वयंपाकघरात बसून गोष्ट लिहायला घेतली. लुटारू गेल्यावर गावाला हत्यारं हवीच असतात, म्हणून मुलगी भट्टी पेटवते. बाप सांगतो, ती घण घालते. लालभडक पातं ती तेलात बुडवते, कारण पाण्यात घातलं तर तडकेल हे ती एकदा चूक करून शिकलेली असते. मग पातं पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढते. वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि नेमक्या रंगाला ती ते आगीतून ओढते. सकाळी नायकाला सांगते की वडिलांनी केली, कारण मुलीने घडवलेली तलवार कमरेला लावून लढाईवर कुणी जात नाही, हे तिला ठाऊक असतं. ती खोटं बोलते. माझी सगळी गोष्ट त्या खोट्यावर उभी होती.

अशा लिखाणाला फॅन फिक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्याच्या पुस्तकातली माणसं घेऊन आपण गोष्ट लिहायची, विकायची नाही, नुसती इतर वाचकांसाठी इंटरनेटवर टाकायची. त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक जर्मन फोरम होता. मी गोष्ट तिथे टाकली आणि गजर लावल्यासारखी दर तासाला जाऊन बघत राहिले. पहिलं उत्तर एका बाईचं आलं.

"गोष्ट चांगली आहे. व्याकरण भयंकर आहे. तू तलवारीला स्त्रीलिंगी केलं आहेस. मला ते आवडलं, पण चूक आहे. पुढची गोष्ट आधी मला पाठव, मी तपासून देईन."

जर्मनमध्ये तलवार नपुंसकलिंगी असते. मी मराठीतल्या सवयीने तिला 'ती' करून टाकलं होतं. ती बाई कोलोनला राहायची, दातांच्या डॉक्टरकडे सहायक होती, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, शाळेत जाणाऱ्या दोन मुलांची आई. जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत लिहायची. तिने राणीच्या दाईवर गोष्टींची मालिकाच लिहिली होती, कारण राणी पहिल्याच प्रकरणात बाळंतपणात मरते आणि दाई त्यानंतर कुठे जाते ते कोणीच सांगत नाही. आम्ही आधी पत्रं लिहिली, मग मी सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवासपासवर, तिच्याकडे जायला लागले. तासाभराचा प्रवास. तिच्या स्वयंपाकघरात ती माझी आर्टिकलं, म्हणजे नामांची लिंगं, सुधारायची आणि मी तिला सांगायचे की भाजलेल्या हातावर दाई जे लावते आहे त्याने जखम चिघळेल.

फोरमवर मात्र सगळ्यांना गोष्ट गोड वाटली नव्हती. तिथल्या एका मॉडरेटरने, म्हणजे नियम सांभाळणाऱ्याने, लिहिलं, "पुस्तकात स्पष्ट आहे. तलवार वडिलांनी केली."

"मुलगी तसं म्हणते," मी लिहिलं. "पुस्तक तसं म्हणत नाही. चौथं प्रकरण वाचा."

त्यावर पानंच्या पानं वाद झाला. हात बरा झाला असेल. गावात दुसरा लोहार असेल. कुणी तरी जादू केली असेल. या लोकांना जादू चालत होती, मुलगी चालत नव्हती. शेवटी एकाने लिहिलं की हे सगळं ठीक आहे, पण कोवळी मुलगी रात्रभर घण मारू शकत नाही, शरीराची म्हणून काही मर्यादा असते.

मी तेव्हा बावन्न किलोची होते. आखनपासून थोड्या अंतरावर एका जुन्या गावाचं खुलं संग्रहालय होतं, तिथे शनिवार-रविवारी लोहारकामाचे वर्ग चालत. मी नाव नोंदवलं. कोलोनची मैत्रीण म्हणाली, मी पण येते. तिथे गेल्यावर कळलं की पोलादाचे कण मायक्रोस्कोपखाली बघण्यात माझी काही वर्षं गेली होती, पण मी ते कधी ठोकलं नव्हतं. पहिल्या तासात मी सगळी ताकद लावून हातोडा मारला आणि दमून बसले. मग हळूहळू कळलं की हातोड्याला स्वतःचं वजन आहे, ते वापरायचं. दुपारी सूप पिताना हात इतका थरथरत होता की चमचा तोंडाशी पोचेना. मैत्रीण हसत हसत म्हणाली, "तुझी ती लोहाराची मुलगी नाश्त्याला काय खाते तेवढं लिही बाई, मला आता कळलं ते का महत्त्वाचं आहे." संध्याकाळपर्यंत मी उभी होते. माझा एक चाकू झाला.

सोमवारी मी चाकूचा आणि तळहातावरच्या फोडांचा फोटो फोरमवर टाकला. शरीराच्या मर्यादा सांगणाऱ्याने उत्तर दिलं, "चाकू वाकडा आहे."

"हो," मी लिहिलं. "तिने लहानपणापासून काम केलंय, तिचा सरळ आला असता."

दर रविवारी मी टेलिफोनच्या दुकानातून आईला फोन करायचे. त्या काळात घरी माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं आणि फ्रँकफर्टमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत असलेलं एक स्थळ आलं होतं.

"त्यांनी छंद विचारलेत," आई म्हणाली. "मी वाचन सांगितलंय."

"लेखन सांग."

"काय लिहितेस म्हणून विचारतील ना."

"लोहाराच्या मुलीबद्दल लिहिते म्हणावं."

"कुणाच्या?"

मग मी तिला सगळं सांगितलं, हात चिरडण्यापासून. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे. पण ती भट्टीपाशी आणि बाप असा हात बांधून बसलेला. मग स्वयंपाक कोण करत होतं त्या घरात? आणि तो पाहुणा आयता जेवला असेल." मी फोनच्या काचेच्या खोक्यात उभी राहून हसले, पण तिने विचारलेलं खरंच होतं. पुढची गोष्ट मी त्यावरच लिहिली. त्यात नायक कांदे चिरतो. ती फोरमवर सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेली गोष्ट.

स्थळाकडून काही दिवसांनी निरोप आला की मुलीचं लेखन वगैरे छान आहे, लग्नानंतर वेळ मिळणार नाही हे मात्र तिला माहीत असावं. आईने मला न विचारताच कळवून टाकलं की आमच्याकडून नाही. ते मला तिने तीन आठवड्यांनी, तुरीच्या डाळीच्या भावाबद्दल बोलताना सांगितलं.

शरद ऋतूत लेखक कोलोनला येणार असं कळलं. तिकडे लेखकाने पुस्तकाच्या दुकानात बसून स्वतःची पानं वाचून दाखवायची पद्धत आहे. लोक तिकीट काढून येतात, शांत बसून ऐकतात, मग प्रश्न विचारतात. मैत्रिणीने तिकिटं काढली. माझं एकच वाक्य तिने माझ्याकडून ट्रॅमच्या थांब्यावर परत परत म्हणून घेतलं, कारण घाबरले की माझी क्रियापदं वाक्याच्या शेवटी जायची विसरतात.

लेखक वयस्कर होता, मृदू आवाजाचा, विनोदी. मला तो आवडला, आणि त्यामुळे जास्तच अवघड झालं. कुणी ड्रॅगनच्या पंखांबद्दल विचारलं, कुणी पुढचा खंड कधी येणार ते. मग माइक माझ्याकडे आला.

"ती तलवार कुणी घडवली?"

"लोहाराने," तो हसून म्हणाला.

"त्याचा उजवा हात चौथ्या प्रकरणात चिरडलेला आहे."

लोक हसले. त्याने चष्मा काढून पुसला. "तुम्ही फार काळजीपूर्वक वाचता. मग त्याने डाव्या हाताने घडवली असेल."

"एका हाताने सांडशी धरावी लागते आणि दुसऱ्याने हातोडा. एका हाताने नाही होत. मी पोलादावरच काम करते."

या वेळी लोक हसले ते त्याच्याकडे बघून.

"मग कुणी तरी मदत केली असेल."

"घरात मुलगीच आहे."

माझी टर उडवून तो सहज सुटला असता, पण त्याने तसं केलं नाही. "बघा," तो म्हणाला, "ती मुलगी निरोप द्यायला आहे. नायक निघतो तेव्हा मागे वळून बघायला दारात कुणी तरी हवं असतं. तिच्या हातात मी हातोडा दिला तर वाचक तिच्यापाशीच थांबेल. माझी गोष्ट पुढे कशी जाणार?"

"मी थांबलेच आहे," मी म्हणाले. "तुम्ही जा पुढे."

दुकानाच्या मालकिणीने माइक घेतला. माझी सगळी क्रियापदं जागेवर पडली होती. नंतर सहीच्या रांगेत त्याने माझ्या पुस्तकावर लिहिलं, 'माझ्या सर्वांत काळजीपूर्वक वाचणाऱ्या वाचक बाईंना'. परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं की हा माणूस आता विचार करेल. निदान पुढच्या एखाद्या खंडात तिला परत आणेल.

त्याने विचार केला. पुढच्या वर्षी पहिल्या खंडाची नवी, सुधारलेली आवृत्ती निघाली. सहकाऱ्याने ती विकत घेतली आणि एका सकाळी चौथं प्रकरण उघडून माझ्यापुढे ठेवली. सगळं तसंच होतं. लुटारू, नकार, गाडीचं चाक. फक्त लोहाराचा उजवा हात नव्हता, उजवा पाय होता. वैदीण म्हणत होती, हा आता पुन्हा घोड्यावर बसणार नाही.

मी ते पान किती तरी वेळ बघत बसले. भट्टीत माझे नमुने तापत होते, ते काढायचे राहिले आणि वाया गेले. दारात उभ्या असलेल्या मुलीला आत न घेण्यासाठी त्याने एका माणसाचा हात बरा केला होता. त्याला एवढाच बदल करायचा होता, आणि त्याला तो सोपा गेला होता.

फोरमवर त्याच दिवशी मॉडरेटरने जाहीर केलं की वाद संपला. माझ्या गोष्टींवर 'कालबाह्य' असा शिक्का मारून त्या एका कोपऱ्यातल्या विभागात हलवण्यात येतील. मी कोलोनला फोन केला. मैत्रिणीच्या दवाखान्यात ड्रिलचा आवाज येत होता.

"पाय केलाय त्याने," मी म्हणाले.

"काय?"

"हाताचा पाय केलाय."

तिने एक शिवी दिली, जी मला कुठल्याच खंडात सापडली नव्हती. "तू सांग मला," ती म्हणाली, "पाय चिरडलेला माणूस तलवार करू शकतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला लोहारकामाचा वर्ग आठवला. घण मारताना कमरेपासून जोर येतो, आणि कमरेचा जोर पायांवर उभा असतो. दिवसभर ऐरणीपाशी उभं राहून माझ्या पोटऱ्या दुखल्या होत्या, हातांपेक्षा जास्त. चिरडलेल्या पायावर, ताप चढलेला असताना, रात्रभर?

"नाही," मी म्हणाले.

"मग लिही की."

मी लिहिली. नव्या आवृत्तीला धरून, शब्दन् शब्द तिच्याशी जुळणारी. त्यात लोहार खाटेवर पाय उंच करून पडलेला आहे, दोन्ही हात धडधाकट, काही उपयोग नाही. मुलगी भट्टी पेटवते. मॉडरेटरने गोष्ट काढून टाकली, कारण सांगितलं नाही. मी ती परत टाकली. त्याने माझं खातं बंद केलं. तेव्हा मैत्रिणीने सुट्टीच्या दिवशी बसून आमचं वेगळं पान तयार केलं, हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, वाचताना डोळे दुखायचे. फोरमवरच्या काही बायका तिकडे आल्या, आणि मोजके पुरुषही. त्यातल्या एकीने जादूगाराच्या बहिणीवर लिहिलं, एकीने घोडदळाचे कपडे धुणाऱ्या बायकांवर अशी लांबलचक गोष्ट लिहिली की ती वाचून मला युद्धाचा खर्च पहिल्यांदा कळला.

सहकाऱ्याने एकदा कॉफी पिताना विचारलं, "लेखकानेच एवढं स्पष्ट केलं तरी तू सोडत नाहीस. तुला नक्की काय हवंय?"

"काहीच नको. त्याने द्यावं असं आता मला वाटतही नाही," मी म्हणाले. "मी लिहिते आहे ना."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची जुनी आवृत्ती, हात चिरडलेली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ही तुझ्याकडेच राहू दे. त्याने माझ्या गोष्टी वाचल्या की नाही, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरेट मिळाल्यावर मी राइन नदीच्या काठी थोडं उत्तरेला, एका पोलाद कारखान्यात नोकरीला लागले. त्या वर्षी मालिकेचा शेवटचा खंड आला. मी तो रविवारी दुपारी वाचून संपवला. नायक म्हातारा होऊन घरी परततो. वाटेत एक नावाडीण त्याला पुराच्या पाण्यातून पलीकडे नेते. पाणी एवढं चढलेलं असतं की सैन्याने नदी ओलांडायचं टाळलेलं आहे, हे आधीच्याच पानावर आहे. ही बाई एकटी वल्हवते. त्याला उतरवताना ती एकच शब्द बोलते, "सांभाळून."

मी मैत्रिणीला फोन केला. "नावाडीण आहे. एक शब्द मिळालाय तिला."

"कोणता?"

मी सांगितला.

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. "नदीला पूर होता ना?" ती म्हणाली. "मग होडी कसली होती, सपाट बुडाची की टोकदार? दिलंय का त्याने?"

"नाही."

"बरं. शनिवारी ये. येताना नकाशावाला खंड घेऊन ये."